जेवल्यावर एक

आमचे हे गेले आणि तेव्हापासून रोज रात्री माझं डोकं ठणकायला लागलं. अंथरुणातून उठावं तर घर गरगर फिरायचं. एकटी कुठं पडले-बिडले तर लोकांना आत तरी येता यावं, म्हणून दाराला कडी लावायचीच सोडून दिली. पुणतांब्यात चोर नाहीत असं नाही, पण त्यापेक्षा चोर परवडला.

पुण्याच्या मुलाला सांगायची सोय नव्हती. लगेच गाडी घेऊन आला असता आणि नेऊन बसवलं असतं चौथ्या मजल्यावर. रोज रात्री त्याचा फोन यायचा, "आई, जेवलीस का?" मी म्हणायचे, "हो रे बाबा, जेवले."

शेजारीण म्हणाली, "दिष्ट लागली, दुसरं काय न्हाई." तिनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या. मग उशी बदलायला लावली. मग मोबाईलवर खापर फोडलं. डोकं काही ऐकेना, तेव्हा तीच मला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "बीपीची गोळी बंद केली का?"

"मी कशाला बंद करू? तुम्हीच सांगितलं ना, रात्री जेवल्यावर एक."

"मग रात्री जेवता काय?"

आता आली का पंचाईत! म्हटलं, "चहा-टोस्ट."

"आणि गोळी?"

"चहा-टोस्ट म्हणजे काय जेवण झालं? जेवल्याशिवाय कशी घेऊ?" मला रागच आला. "एकटीसाठी तवा कोण तापवत बसतं हो?" शेजारीण खाली बघायला लागली.

"गोळी नाही, पोटात अन्न नाही," डॉक्टर म्हणाले, "डोकं दुखेल नाही तर काय?"

संध्याकाळी पीठ मळलं आणि बघते तर दोघांचं! एकीपुरतं पीठ किती घ्यायचं, हाताला ठाऊकच नव्हतं. दोन्ही भाकरी थापल्या. गोळी शेजारी ठेवून ताटावर बसले, पण घास काही उचलेना. फार एकटं वाटलं.

फोन वाजला. "आई, जेवलीस का?"

"नाही रे," म्हटलं. "बाबा गेल्यापासून रात्रीची जेवलेच नाही. आता बसलेय. भाकरी संपेपर्यंत फोन ठेवू नकोस."

तो म्हणाला, "काय बोलू?"

"काहीही बोल," म्हटलं, आणि भाकरी मोडली.