गिरणीचा नंबर

नव्वदच्या दशकात मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत फोन एकच होता, पिठाच्या गिरणीत. बाकी सगळ्यांचा तोच पी.पी. नंबर. लग्नपत्रिकेवर तोच, नोकरीच्या अर्जावर तोच. गिरणीवाल्या मामांचा नियमही सगळ्यांना पाठ होता. मयतीचा फोन आला तर ते गिरणी बंद करून, पिठानं माखलेल्या अंगानं पळत यायचे. बाकीचे निरोप खडूनं पाटीवर लिहायचे. ज्यानं त्यानं पीठ न्यायला आलं की वाचायचे. दळण अर्ध्यात टाकून कोण पळणार, असं त्यांचं म्हणणं, आणि ते कुणालाच चुकीचं वाटत नव्हतं.

मी मालवाहू बोटीवर रेडिओ ऑफिसर होतो. कामच मुळी ऐकण्याचं. दर अर्ध्या तासाला तीन मिनिटं समुद्रावरच्या सगळ्या रेडिओवाल्यांनी गप्प बसायचं आणि कुणी मदत मागतंय का तेवढं ऐकायचं, अशी शिस्त होती. पुढं बोटीवर दुधाच्या किटलीएवढं एक नवं यंत्र आलं. बोट बुडाली की ते आपसूक सुटून वर तरंगतं आणि सॅटेलाइटला हाक मारतं. ती हाक मुंबईच्या बचाव केंद्रात पोचली की तिथला अधिकारी त्या बोटीचा कागद काढून चौकशीला फोन करणार. तो कागद मी भरला. पहिला नंबर कंपनीच्या ऑफिसचा. दुसऱ्या जागी हमखास उचलला जाईल असा नंबर हवा होता. कॅप्टनच्या घरचा फोन सहा महिने मुका होता, म्हणून मी मोठ्या ऐटीत गिरणीचा नंबर ठोकून दिला. अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते हेच.

त्या वर्षी कांडल्याला उतरून मी सुट्टीवर आलो होतो. बोट तिथून मीठ भरून कोलंबोला जाणार होती. बोटीवर बावीस माणसं, आठवड्यापूर्वीपर्यंत त्यांच्याच पंगतीला जेवत होतो.

रविवार होता. आई सकाळी लवकर दळण ठेवून आली. मी दिवसभर कॉटवर पडून पेपर वाचला, दुपारी मटण हाणून झोपलो. पाचला डबा आणायला गेलो, तर पाटीवर माझं नाव आणि पुढं, 'मुंबई फोन. २ येळा. गडबड न्हाय.'

"मामा, कुणाचा फोन?"

"त्यो बोटींचा कोन सायब हाय त्येचा. सकाळी नवाला आलता, परत बाराला. मी इचारलं, मयत हाय का? म्हनला, अजून काय कळलं न्हाय. मग म्हटलं, गडबड न्हाय."

म्हणजे बचाव केंद्र! "मी घरात हुतो की मामा! तीस पावलांवर!"

"आरं, रविवारची गर्दी. आन् मयत न्हाय म्हटल्यावर..."

पाटीच्या कोपऱ्यात त्या सायबाचा नंबरही लिहिलेला होता, एवढंच नशीब. मी फोन फिरवला. गिरणीच्या घरघरीत काही ऐकू येईना. मी गिरणी बंद करायला लावली, तर रांगेतल्या बायका माझ्यावरच उखडल्या. "आमी काय हितंच मुक्काम करायचा व्हय?" मी सगळ्यांवर खेकसलो. तीन मिनिटं गप्प बसा म्हणालो. बसतंय कोण!

बचाव केंद्रातला अधिकारी शांतपणे बोलत होता, त्याचाही मला राग आला. सकाळी सॅटेलाइटनं हाक पकडली, पण जागा दोन दाखवल्या, एक कोचीनच्या पश्चिमेला आणि एक पार बंगालच्या उपसागरात. पहिल्या फेरीत असं होतं. कंपनीचं ऑफिस रविवारचं बंद. बोट कुठल्या बाजूला आहे, एवढंच त्याला विचारायचं होतं.

"कोचीन," मी ओरडलो. "कोचीनकडंच!"

"हो, ते दुपारी कळलं," तो म्हणाला. सॅटेलाइट दुसऱ्यांदा वरून गेला तेव्हा जागा पक्की झाली आणि जवळचं एक जहाज तिकडं वळवलं. एकवीस माणसं तराफ्यावर जिवंत सापडली होती.

"बावीस होती."

एक तराफ्यावरच गेला होता. कोण, ते त्याला अजून कळलं नव्हतं. जहाज पोचायच्या किती वेळ आधी गेला, म्हणून मी विचारलं. ते सांगता येणार नाही, म्हणाला. सकाळी नवाला मी 'कोचीन' एवढं एक नाव सांगितलं असतं तर तो वाचला असता का, हे मी विचारलंच नाही. आजही ठाऊक नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त जाळतं.

फोन ठेवला. मामांवर तोंड टाकायचं होतं, पण बोटीच्या कागदावर गिरणीचा नंबर माझ्याच अक्षरात लिहिलेला होता.

"काय म्हनला?" मामांनी विचारलं.

"एक मयत झालीया."

मामांचा चेहरा पडला. त्यांनी पाटी काढली, माझं नाव तळहातानं पुसलं. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं.

"मग ह्ये सकाळीच सांगायचं न्हाय व्हय त्यानं?" ते म्हणाले. "पळत आलो असतो की."