गव्हर्नरसाहेबांचं बेट आणि इराचं भाषण

सहल ठरली ती माझ्या नातीच्या भाषणामुळे. इरा नऊ वर्षांची, ऑकलंडला राहते; मी पुण्याहून तिच्याकडे गेले होते. तिच्या वर्गात सोमवारी प्रत्येकाने न्यूझीलंडच्या इतिहासातल्या एका माणसावर तीन मिनिटं बोलायचं होतं, आणि इराच्या चिठ्ठीत इंग्रजांच्या काळातला एक गव्हर्नर निघाला. मागच्या वर्षी ती भाषणात मध्येच अडकली होती आणि रडत जागेवर जाऊन बसली होती. "आजी, यू राइट इट," ती मला म्हणाली, "अँड मेक मी नॉट फरगेट."

माझ्यातली कॉन्व्हेंटची मुलगी एकदम जागी झाली. पुण्याला आमच्या इतिहासाच्या सिस्टर थोरांची चरित्रं एकाच साच्यात लिहून घ्यायच्या: जन्म, शिक्षण, नेमणुका, सत्कार्ये, मृत्यू. मी तसंच लिहिलं. लष्करातला तरुण अधिकारी, तिशीच्या आत ऑस्ट्रेलियातल्या एका वसाहतीचा गव्हर्नर, मग न्यूझीलंड, मग दक्षिण आफ्रिका, पुन्हा न्यूझीलंड आणि उतारवयात इथलाच पंतप्रधान. इथल्या मूळ माओरी लोकांची भाषा शिकला, त्यांची गाणी आणि कथा जमवल्या, स्वतःची पुस्तकं शहराला देऊन टाकली. प्रत्येक परिच्छेदात एक बढती! शुक्रवारपर्यंत इराला सगळं घडाघडा पाठ झालं.

"आई, त्या गव्हर्नरचा बंगला कावाऊ बेटावर आहे," माझा जावई निखिल म्हणाला. "उद्या जाऊनच येऊ."

लेक मानसी ऑकलंडच्याच दक्षिणेकडच्या ओटाहुहू भागात एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे आणि घरही तिथून जवळच. सकाळी लवकर निघालात तर ऑकलंड शहर ओलांडून उत्तरेला सॅंडस्पिटचा धक्का गाठायला दीड तास पुरतो. शेवटचा रस्ता वळणावळणाचा आहे. माझ्यासारख्यांनी आवळासुपारी जवळ ठेवावी. बेटावर दुकान नाही असंच धरून चाला. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि कोपऱ्यावरच्या डेअरीतून घेतलेली केळी बरोबर ठेवली होती. इथे किरकोळ वस्तूंच्या दुकानाला डेअरी म्हणतात. पहिल्या दिवशी मी तिथे विरजणाची चौकशी करून आले होते.

साधी फेरीही मिळते, पण तुम्ही टपालाच्या बोटीनेच जा. तिकीट जरा महाग वाटतं, तरी वसूल होतं. या बेटावर रस्ते जवळजवळ नाहीतच, म्हणून बोट एकेका घराच्या धक्क्याला लागते आणि पत्रं, पावाच्या पिशव्या, कुणाचा रंगाचा डबा असं सगळं हातोहात देते. एका धक्क्यावर तर फक्त कुत्रा आला होता. त्याने वर्तमानपत्र तोंडात धरलं आणि मागे न बघता घरी निघून गेला.

बोटीवर दोर टाकायचं काम हिने नावाची माओरी बाई करत होती. पन्नाशीची, आडव्या बांध्याची, पायात जॅंडल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता. इरा डेकवर हात मागे बांधून, हनुवटी वर करून माझ्या साच्यातलं भाषण म्हणत होती. संपल्यावर पाच-सहा प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. हिनेनेही वाजवल्या.

"छान पाठ केलंस, पोरी," ती म्हणाली. "पण यात आम्ही कुठे गेलो?"

इरा माझ्याकडे बघायला लागली. मी घाईने म्हटलं, "आहे ना, तो तुमची भाषा शिकला होता..."

"हो तर! इतकी छान शिकला, की त्याच्या तोंडावर त्याला शिव्याही देता यायच्या नाहीत." हिने मोठ्याने हसली. मग दोराचं वेटोळं करत इराला म्हणाली, "त्याने आमची गाणी लिहून घेतली, ते खरं. त्यानेच वायकाटोत, आमच्या मुलखात, सैन्य पाठवलं, आमच्या जमिनी गेल्या, तेही खरं. माझ्या आजीची आजी चहाची किटली आणि दोन मुलं घेऊन चालत निघाली होती. माणूस एकच."

"डिड ही से सॉरी?" इराने विचारलं.

"मला नाही बाई म्हणाला," हिने म्हणाली आणि पुढच्या धक्क्यावर दोर फेकायला गेली.

बंगला देखणा आहे. पांढरा, समोर हिरवळ, हिरवळीपुढे लगेच समुद्र. आत कौरी या इथल्या झाडाच्या मधाळ रंगाच्या लाकडाच्या भिंती. बागेत चक्क मोर! मी "अगंबाई, आपला मोर" म्हणून ओरडले. गव्हर्नरसाहेबांनी जगभरातून झाडं आणि प्राणी आणवले होते, झेब्रेसुद्धा. ऑस्ट्रेलियातून आणलेल्या वॉलबी, म्हणजे छोट्या कांगारू, अजून आहेत आणि रानातली कोवळी रोपं खाऊन टाकतात. पुऱ्या खात असताना वेका नावाचा एक तपकिरी, धीट पक्षी आला आणि निखिलच्या हातातली पुरी घेऊन झुडपात पळाला. मानसी हसून लोटपोट.

मला मात्र व्हरांड्यात बसल्या बसल्या माझी शाळा आठवत होती. मी सातवीत असताना अशाच एका मोठ्या साहेबावर निबंध लिहिला होता आणि बक्षीस मिळवलं होतं. माझे बाबा बेचाळीसला येरवड्याच्या तुरुंगात होते. त्यांनी निबंध दोनदा वाचला, सही केली आणि म्हणाले, "अक्षर सुंदर आहे." इतकंच. मला तेव्हा केवढा आनंद झाला होता.

परतताना गाडीत इरा म्हणाली, "आजी, आय वॉन्ट टू चेंज इट."

"इरा, परवा भाषण आहे," मानसी पुढून म्हणाली. "पुन्हा विसरलीस तर? आई, तू तरी सांग तिला."

लेकीचं बरोबर होतं. मी लिहिलेलं भाषण इराला झोपेतही आलं असतं. त्यात खोटं एक वाक्य नव्हतं आणि तेच मला टोचत होतं. मी म्हटलं, "विसरली तर कागद बघेल. बदलू दे."

रविवारी तिने स्वतः चार कार्डं लिहिली. मला फक्त स्पेलिंग विचारलं.

सोमवारी पालकांना परवानगी होती. मी मागच्या खुर्चीत, पदर मुठीत धरून. इरा "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून सुरू झाली. गाणी सांगितली, सैन्य सांगितलं, किटली सांगितली. तिसऱ्या कार्डानंतर अडकली. मला प्रत्येक वाक्य सुचत होतं, पण ती माझी वाक्यं होती, तिथे उपयोगाची नव्हती. तिने कार्ड उलटंसुलटं केलं, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, "आय हॅव नॉट डिसायडेड अबाउट हिम येट." आणि जागेवर जाऊन बसली. रडली नाही. बक्षीस दुसऱ्याच मुलाला मिळालं. घरी येताना आईस्क्रीमवरून बापाशी भांडली, म्हणजे ठीक होती.

आता पुण्यात परत येऊन महिना झाला. शेजारणी विचारतात, काय पाहिलं? मी निळं पाणी सांगते, कुत्र्याचं वर्तमानपत्र सांगते, पुरीचोर वेका सांगते. गेल्या रविवारी इराचा फोन आला. "आजी, मी डिसाइड करतेय अजून. तू सांग ना, व्हॉट डू यू थिंक?"

बासष्ट वर्षांत इतिहासाबद्दल मला हे कुणी विचारलं नव्हतं. सिस्टरनी नाही, परीक्षेत नाही, आणि मी स्वतःही नाही. मी तिच्याकडून आठवड्याची मुदत मागून घेतली. चार कागद फाडून झाले. पाचव्यावर एक ओळ टिकली आहे: माणूस हुशार होता, बागेची हौस असलेला होता, पण बाहेरगावी जाताना मी त्याच्याकडे आमच्या घराची किल्ली ठेवली नसती.