कुठेच न जाणारी बोट

आमच्या परळच्या घरात देवांच्या फोटोंच्याही वर एका बोटीचा फोटो आहे. पांढरं अंग, मधोमध एकच जाड धुराडं, पुढचं नाक सुरीसारखं. एकदा त्याची काच फुटली तेव्हा बाबांनी दुसऱ्याच दिवशी नवी बसवून आणली. आईच्या चष्म्याची काच तडकली होती, ती मात्र तिने कितीतरी महिने तशीच वापरली. मला त्या बोटीचा राग आहे. लहानपणापासून आहे, आणि आता पन्नाशी उलटल्यावर तो जाईल अशी आशाही मी सोडून दिली आहे.

बाबा त्या बोटीवर खलाशी म्हणून लागले आणि पुढे सुकाणी झाले. सुकाणी म्हणजे बोटीचं चक्र हातात धरणारा. कुठे वळायचं ते साहेब सांगणार आणि हा वळवणार. बॅलार्ड पिअरवरून आफ्रिकेला जाणारी ती उतारूंची बोट होती. ती भंगारात गेल्यावर बाबांनी पुष्कळ वर्षं मालाच्या बोटींवर काढली, पण त्या बोटींचे फोटो नाहीत आणि गोष्टीही नाहीत. आमच्याकडे बोट म्हटलं की ती एकच.

घरातली प्रत्येक गोष्ट तिच्याशी ताडून बघितली जायची. चहा गार झाला, चादरीला सुरकुती पडली, दाराची कडी वाजली की बाबा सुरू: "आमच्या बोटीर असला चालायचा नाय." बोटीवर पितळ कसं आरशासारखं चमकायचं, घंटा झाली की साहेबलोक सूट घालून जेवायला कसे उतरायचे, मडमांचे झगे कसे जिन्यावरून सळसळत जायचे. मी एकदा विचारलं होतं, "आणि तुम्ही कुठे जेवायचात?" तर म्हणाले, "फुडल्या डेकार, मांडी घालून." तेही अशा थाटात, की जणू तो मान फक्त त्यांनाच मिळाला होता. साहेबांचा जेवणाचा हॉल त्यांनी पाहिला होता तो पहाटे, फरशी पुसताना. पण त्याचं त्यांना काही वाटत नसे. त्यांच्या वाट्याचं वाईट मलाच वाटायचं, आणि मग वाईट वाटल्याचाही राग यायचा.

कारण बाबा त्या हॉलचं झुंबर सांगायचे, पण त्याच दिवसांत इथे आई नळावर भांडत होती. मी आणि माझा धाकटा भाऊ दोघांच्या जन्माच्या वेळी बाबा समुद्रावर होते. मी चालायला लागल्यावर त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं आणि मी रडत सुटले, हे ते विनोद म्हणून सांगतात. आई त्या विनोदाला हसत नाही.

मी बालवाडीत होते तेव्हाची गोष्ट. बोटीची काही खबर नाही असे बरेच आठवडे गेले. वादळ झालं म्हणून कुणी म्हणालं, इंजिन बिघडलंय म्हणून कुणी म्हणालं. ऑफिसात विचारायला गेलं की "येईल, येईल" एवढंच. तेव्हा आईने वरळी कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर उभं राहून नवस बोलला: माणूस सुखरूप परत येऊ दे, आम्ही दोघं जोडीने भर समुद्रात येऊन तुला नारळ देऊ. जोडीने म्हणजे नारळ त्यांच्या हातात आणि तिचा हात त्यांच्या हाताला लावलेला, पूजेला लावतात तसा. बाबा आले. आईने नवस सांगितला. बाबा हसले आणि म्हणाले, "दर्याक नारळ? दर्याक काय कळता?"

मग प्रत्येक वेळी काहीतरी निघायचं. सुट्टी थोडीच आहे, पाऊस आहे, अंग दुखतंय. निवृत्त झाले तेव्हा आई म्हणाली, आता तरी. कोळीवाड्यातल्या ज्या मावशींकडून ती मासे घ्यायची, त्या स्वतःहून म्हणाल्या होत्या, "जोडीनं ये गो, माझे पोराची बोट हाय, नेल तुमाला." बाबांनी तोंड वाकडं केलं. असल्या होडक्यात ते बसणार नव्हते. इतक्या मोठ्या बोटीचं चक्र धरलेला माणूस मासळीच्या वासात कसा बसेल!

आई मग दर नारळी पौर्णिमेला एकटीच जात राहिली. काठावरून नारळ सोडायची, पण तो नवसाचा नव्हे. तो उशीर होतोय म्हणून माफी मागायचा. गुडघे धरले, नवस राहिलाय. भावाचं पहिलं लग्न मोडलं, नवस राहिलाय. माझं जमलंच नाही, त्याचंही खापर तिथेच. मी तिला सांगायचे की आई, समुद्र असला हिशेब ठेवत नाही. ती म्हणायची, तो ठेवत नसेल, मी ठेवते.

म्हणून भावाने क्रूझचं बुकिंग केलं तेव्हा आईच्या मनात नवस आला हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं; भाऊ मात्र बाबांचाच चेहरा बघत होता. दोन रात्रींची सहल. मुंबईहून निघायचं, खोल समुद्रात फिरायचं आणि पुन्हा मुंबईलाच यायचं. भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं, आई, बाबा आणि मी. "उतारू म्हणून जाल या वेळी," भाऊ बाबांना म्हणाला. बाबा म्हणाले, "जाते खंय ती?" कुठेच जात नाही म्हटल्यावर त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

आईने दादरच्या बाजारातून नारळ आणला. हलवून, वाजवून, चांगला पाणीदार बघून. त्याला हळदकुंकू लावलं, शेंडीला लाल धागा बांधला आणि नव्या साडीत गुंडाळून बॅगेत ठेवला. बाबांना बोलली नाही. मला म्हणाली, "बोटीवर गेल्यावर नाही कसे म्हणतील? तिथून कुठे पळतील?"

टर्मिनलवर बॅग यंत्रातून गेली आणि तिथल्या मुलीने ती उघडायला सांगितली. "आजी, नारळ नाही अलाव. इथे ठेवून जा, येताना घ्या." आईला वाटलं, समजावून सांगितलं की सोडतील. ती नवस सांगायला लागली. मुलगी वाईट नव्हती, तिने फक्त टेबलाखालचा निळा टब दाखवला. त्यात आधीच पाच-सहा नारळ पडले होते. कुणाला कुंकू, कुणाला फूल, एकावर तर स्वस्तिकही काढलेलं. आमच्या आधी कितीतरी आया तिथे नवस सांगून गेल्या होत्या. बाबा मागून मोठ्याने हसले. रांगेतले लोकही हसले. मला त्या क्षणी बाबांना तिथेच टबाशेजारी ठेवून द्यावंसं वाटलं.

खरं सांगायचं तर ती बोट मलाही आवडली नाही. आत शिरल्यापासून ढाणढाण गाणी. वरच्या मजल्यावर पोरांची घसरगुंडी, खाली जुगाराची यंत्रं, मधे दुकानं. दिवसभर पंगत बसल्यासारखी गर्दी, आणि ताटात घेऊन तसंच टाकून दिलेलं अन्न. मनगटाला पट्टे होते. आमचा वेगळ्या रंगाचा, महागड्या खोल्यांवाल्यांचा वेगळ्या रंगाचा आणि त्यांची लिफ्टही वेगळी. म्हणजे बाबांच्या बोटीवर साहेबांचे आणि खलाशांचे जिने वेगळे असायचे, ते काही कुठे गेले नव्हते. जेवण वाढणारी पोरं सकाळपासून रात्रीपर्यंत हसत होती, कारण हसणं त्यांच्या कामातच धरलेलं होतं. बाबांना निदान फरशी पुसताना हसावं लागत नव्हतं.

पण हे मी बाबांना कशाला सांगू? त्यांचं चालूच होतं. "ही काय बोट? खाली परात लावन पाण्यात सोडलेली इमारत आसा ही. आमच्या बोटीचा नाक पाणी कापीत जायचा." वाढणाऱ्या पोरालाही त्यांनी ते ऐकवलं, खोली झाडणाऱ्यालाही. दोन दिवस ते समुद्राकडे बघतच नव्हते, बोटीच्या चुकाच बघत होते. कठडा हलका आहे. रंग पातळ आहे. घंटा कुठे आहे? आई खुर्चीत बसून होती. भर समुद्रात ती आयुष्यात पहिल्यांदा आली होती आणि समुद्र तिच्यापासून दहा मजले खाली होता. पोहण्याच्या तलावाजवळ शहाळी मिळत होती, वर कागदी छत्री खोचलेली. मी विचारलं, हे चालेल का? आई म्हणाली, "शहाळं नवसाला कसं चालेल गं? आणि छत्री लावून?" आणि आम्ही दोघी हसलो. त्या सगळ्या सहलीत तेवढंच.

शेवटच्या दिवशी सकाळी नाश्त्याला पोहे होते. आई बराच वेळ ताटलीकडे बघत राहिली. मग तिने पोह्यांवरचं ओलं खोबरं बोटांनी वेचून कागदी रुमालावर घेतलं. माझ्या पोह्यांवरचंही घेतलं. मूठभरही झालं नाही. ते घेऊन ती उठली आणि बाबांना म्हणाली, "ओ, जरा बाहेर येवा."

बाबा आले. कठड्यापाशी वारा होता. तिथे समुद्रात काही टाकू नये अशी पाटी होती, ती दिसू नये म्हणून मी तिच्यापुढे उभी राहिले. आईने पुडी उघडून त्यांच्यापुढे धरली. "हात लावा. एवढाच."

बाबांनी खोबऱ्याकडे बघितलं. हात खिशातच. "किसलेल्या खोबऱ्यान काय नवस फिटता? खुळी काय तू?" आणि मग लगेच, जणू ते आम्हाला त्यासाठीच बाहेर घेऊन आले होते, "रातभर चालली ही. गेली खंय? खंयच नाय. फिरान परत मुंबैकच येतली. ह्येका काय प्रवास म्हणतत?"

मी ओरडले, "बाबा, हात लावा!" आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

आई ओरडली नाही. ती म्हणाली, "येतली मा परत? माका जल्मभर अशीच बोट व्हयी होती."

बाबांचा एक हात खिशातून बाहेर आलाही, पण आई त्यांच्याकडे बघत नव्हती. तिने कठड्याबाहेर हात काढून पुडी उलटी केली. निम्मं खोबरं गेलं आणि निम्मं वाऱ्याने उलटून बाबांच्या जॅकेटवर आलं. आईने रिकामा हात नमस्कारासारखा कपाळाला लावला.

"जोडीचा होता तो नवस," मी म्हटलं. मला तिच्यासाठी इतकं वाईट वाटत होतं की तोंडून तेच निघालं.

"दर्याक म्हायत आसा," आई म्हणाली, "मी एकटीच येतंय." आणि ती आत जाऊन उरलेले पोहे खायला बसली. बाबा जॅकेटवरचं खोबरं झटकत तिथेच उभे होते. मी त्यांना झटकू दिलं.

मुंबईला उतरलो तेव्हा त्या मुलीने आठवणीने टब पुढे केला. आईने लाल धाग्यावरून आपला नारळ ओळखला आणि बॅगेत ठेवला. बाहेर टॅक्सीची वाट बघत असताना बाबा तिच्याजवळ गेले. बोट आवडली नाही वगैरे काही नाही. एवढंच म्हणाले, "चल, चौपाटीर जावया. टाकूया नारळ. जोडीन."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काठावरून का होईना, भर समुद्रात नसेना का. मला वाटलं, आई विरघळणार. मी मनातल्या मनात तिला विनवत होते की नको, आता नको.

आईने बॅगेची चेन लावली. "आता कित्याक?" ती म्हणाली. "फिटलो नवस. नारळ कालवणाक व्हयो."

दुसऱ्या दिवशी तिने तो नारळ ओट्याच्या कडेवर फोडला, खवला आणि बांगड्याचं कालवण केलं. बाबा जेवायला बसले. कालवण भुरकलं, भात कालवला आणि सवयीने त्या फोटोकडे वर बघितलं. आमच्या बोटीर, असं काहीतरी येणार म्हणून मी वाट बघत होते. पण त्यांनी नुसती वाटी पुढे केली आणि आईने तिच्यात आणखी एक पळी वाढली.