न प्यायलेला चहा

माणसाचं मन बिघडतंय हे सिनेमात कसं सुचवतात, ते मला माझ्या धाकट्या भावानेच शिकवलं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी धुळ्याला शाळेत शिकवत होते आणि तो माझ्याकडे राहून आयटीआय करत होता. एका रविवारी आम्ही टॉकीजला गेलो. मध्यंतरात शेंगा सोलत तो म्हणाला, "हीरोना दोस्त खरा नही शे, अक्का. त्याना चहा तसाच भरेल ऱ्हास. त्याना संगे दुसरं कोनी बोलत बी नही."

शेवटी तसंच निघालं. पोरगा हुशार आहे, मी खूश झाले.

पण ही हुशारी थांबेना. समोरच्यांनी लाल साडी वाळत घातली की ती याच्यासाठी खूण. रेडिओ आपल्याबद्दल बोलतो म्हणून त्याने त्यावर टॉवेल टाकला. मी हादरले. सिनेमाने मला एकच गोष्ट शिकवली होती, म्हणून मी तीच शोधत बसले, खोटा मित्र. आणि सापडलाही! 'चोपड्याचा दोस्त येऊन गेला' असं तो सारखं सांगायचा, पण तो दोस्त मी कधी पाहिला नव्हता. शाळेत जाताना मी चहा करून ठेवायची आणि परत आले की आधी मोरीतले कप बघायची. एकच उष्टा दिसला की वाटायचं, कोणी आलंच नव्हतं. मग मी त्याचे खिसे तपासू लागले, दाराआड उभी राहून कान देऊ लागले.

एका दुपारी तो दोस्त मोटरसायकलवर केळी घेऊन हजर. चांगला धडधाकट! दोन कप चहा प्यायला. मला इतकं हायसं वाटलं की मी शिरा करायला उठले. तो दोस्त स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन हळूच म्हणाला, "अक्का, एरवी तो माले चहा पिऊ देत नही, स्वतःना बी मोरीमा फेकी देस. अक्का चहामा काही टाकस, म्हनस. त्याले डॉक्टरले दाखाडा."

मी वळून पाहिलं. भावाचा कप तसाच भरलेला होता, वर साय धरलेली. इतके दिवस मी भलत्याच कपाकडे बघत होते.

जळगावच्या डॉक्टरांकडे नेलं. वाटेत एसटीत तो माझ्या हातचं पाणीही प्यायला नाही. याने गोळ्या घेतल्याच नाहीत तर काय, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

डॉक्टरांनी विचारलं तसं तो भडाभडा बोलला. "अक्का मन्हावर नजर ठेवस. खिसा तपासस, कप देखस. चहामा जहर टाकस."

डॉक्टर लिहिता लिहिता मला म्हणाले, "स्किझोफ्रेनिया आहे. या आजारात असे भ्रम होतात."

"नाही डॉक्टर," मी म्हटलं. "खिसे मी तपासते. कपही बघते. तेवढं खरं आहे."

त्यांचं पेन थांबलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा भावाने माझ्याकडे सरळ पाहिलं.

"आन चहामा?"

"चहामा काहीच नही, भाऊ. साखर शे."

गोळ्या घेऊन आम्ही निघालो. बाहेर टपरीवर मी दोन चहा सांगितले. मी एक घोट घेतला, तोच त्याने माझा कप ओढून घेतला आणि स्वतःचा माझ्यापुढे सरकवला. मला रडू येत होतं आणि रागही. त्याच्यासमोर मी तो सगळा चहा प्यायले. तो बघत राहिला. मग माझा उष्टा कप त्याने तोंडाला लावला, आणि गोळीसाठी हात पुढे केला.