चौथा खड्डा

हे मी कोणालेच सांगितलं नाही. पोराले नाही, देवासमोर नाही. आता सांगून राहिलो — जिले सांगायचं होतं ती दिवाळीनंतर गेली.

कौसल्या. माझी बायको. अड्याळले आमच्या घरामागं टिनाचा शेड होता, त्यात दोन हातमाग. एकावर ती, दुसऱ्यावर शेजारची सुमनवहिनी. दोघी कोशाचं रेशमी कापड विणत. तोंडं मागापेक्षा जास्त चालत.

शेड मीच उभारला. वरठीले लोखंडाच्या कामावर जात होतो, म्हणून वायररोपची कैची बांधता येत होती — खांबाच्या माथ्यावरून तिरपी जमिनीपर्यंत पोलादी तार, वाऱ्यानं शेड कलू नये म्हणून. खाली तार धरायले काँक्रीटच्या गोळ्यात पुरलेला हूक. सारा जोर त्या हुकावर. खड्डा कमरेइतका खोल पाहिजे. तीन कोपऱ्यांत तसाच खणला. चौथ्यात — दगड लागला.

ऊन होतं. कंटाळलो. वीतभर खणून काँक्रीट ओतलं, वरून माती चोपली. तार कसली, बोटानं वाजवून पाहिली. टणटण वाजली. खालचं कोणाले दिसते?

कौसल्या त्याच तारेवर सुताच्या ओल्या लड्या वाळत टाके. मी एकदा ओरडलो, "तार काय याच्यासाठी बांधली काय वं?" ती म्हणे, "माझ्या लडीनं तुमची तार सुटली, त तुमाले फिटर कोण म्हणंल?" वहिनी हसून हसून मागावर आडवी.

मग वैशाखातलं वादळ. शेड एका अंगाले झोपला. वहिनीचा उजवा हात खांबाखाली सापडला — त्या हातानं पुन्हा धोटा फेकला गेला नाही.

मी मागं गेलो. चौथ्या कोपऱ्यातला गोळा हुकासकट वर आला होता, मुळा उपटावा तसा. लोक वहिनीले उचलत होते. अन् मी काय करत होतो? हुकातून तार सोडवली. गोळा मागच्या बोडीच्या पाण्यात ढकलला. खड्ड्यात पायानं माती लोटली.

लोकांनी विचारलं, तार सुटली कशी? मी म्हणालो — याच तोंडानं — "हिच्या ओल्या लड्या. रोजचं वजन. हूक ढिला होऊन निसटला."

कौसल्यानं पदर तोंडावर घेतला. वाद नाही घातला. काहून घालंल? तारेचं मले समजते, असं तिले वाटे.

त्या दिवसापासून ती रोज वहिनीकडं जाई. तिचं पाणी भरे, भात टाके, वेणी घाले. बारा वर्षं. मी पाहत होतो. पाहत होतो अन् जेवत होतो.

शेवटी खाटेवरून तिनं वहिनीचा तोच हात धरला. "माय, माझ्या लड्यायनं तुझा हात गेला. माफ करजो."

"पागल झाली का वं? कधीचं केलं माफ," वहिनी रडत म्हणाली.

मी पायथ्याशी होतो. तेव्हा तरी बोलायचं ना? पाण्याचा गिलास धरून उभा राहिलो.

वहिनी आजही म्हणते, कौसल्याबद्दल मनात काही नाही.

त्या वादळानंतर कौसल्या लड्या अंगणातल्या कडुनिंबावर वाळवू लागली. पण टाकायच्या आधी, रोज, दोन्ही हातांनी बुंधा हलवून पाहे. एवढं मोठं झाड — पडंल म्हणून.