केळीवाल्या बातमीचं एक वर्ष

बातमी संध्याकाळपर्यंत शिळी होते. पण तिच्यावर अब्रुनुकसानीची नोटीस आली, की ती वर्षभर ताजी राहते आणि किस्से साचत जातात! माझ्या एकाच बातमीने आमच्या जळगावच्या ऑफिसला इतके किस्से दिले, की खालच्या टपरीवर अजून तेच चालतात.

बातमी अशी : फैजपूरकडच्या एका शाळेच्या मैदानावर संस्थेच्या चेअरमनसाहेबांनी केळी पिकवायचं चेंबर बांधलं. पोरं पीटीला रस्त्यावर! फोटो, सातबारा, सगळं माझ्याकडे होतं. तरी नोटीस आलीच. आमचे मालक म्हणाले, "दावा दाखल झाला, तर माफी छापू." खरी बातमी माझी आणि माफीही माझ्या नावाने? डोकंच फिरलं!

*

आमचे वकील आबा धुळ्याचे. ते म्हणाले, "दिवाणी दाव्याला छापल्यापासून एक वर्ष. तेवढं तोंड बंद ठेव. पुन्हा छापलंस, तर त्याला पुन्हा नवं वर्ष मिळेल!"

"खरं लिहून तोंड बंद, आबा?"

"वर्षभरच रे. तुला जमणार नाही, माहितीय!"

*

दिवाळीत डेस्कवरच्या लता अक्कांनी "वर्षातल्या गाजलेल्या बातम्या" असं पान लावलं. पहिलीच माझी! ती काढा म्हणून मी तासभर भांडलो.

अक्का म्हणाल्या, "तीस वर्षं बातमीवर नावाच्या बायलाइनसाठी भांडलात, आज काढण्यासाठी? ताप आहे का भाऊ?"

*

चेअरमनसाहेबांना वाटत होतं, नुसत्या नोटिशीनेच आम्ही लोटांगण घालू. त्या नादात वर्ष उलटलं! आम्ही पेढे वाटले. तेवढ्यात आबांचा फोन.

"धुळे आवृत्तीत ती बातमी एक दिवस उशिरा लागली होती. पेढे थुंका!"

*

आठवड्याने एक फोन आला. "भाऊ, साक्रीहून बोलतोय. ती केळीनी बातमी आम्हले बठ्ठी धाडा ना. गावना ग्रुपवर टाकतो."

मोबाईलवर मीच सेव्ह केलेलं नाव दिसत होतं : चेअरमन पीए!

मी म्हटलं, "वाचनालयात जा. आणि साहेबांना नमस्कार सांगा!"

*

मग आमचा वर्धापनदिन आला. जुन्या पानांचं प्रदर्शन भरलं. प्रमुख पाहुणा ठरवला जाहिरात विभागाने, आणि तो विभाग पेपरात फक्त जाहिराती वाचतो! पाहुणे कोण? साक्षात चेअरमनसाहेब!

फीत कापली, टाळ्या झाल्या. आत तिसऱ्या पॅनेलवर माझी बातमी, चार फूट उंच! साहेब चिडतील म्हणून मी बाह्या सावरल्या, तर ते आनंदाने ओरडले, "पुन्हा प्रसिद्ध केली! आता नवं वर्ष सुरू!"

पंधरा दिवसांत दावा दाखल. मालक माफीचा मसुदा घेऊन माझ्या टेबलाशी उभे. मी म्हटलं, "नोकरी घ्या, सही मिळणार नाही!"

कोर्टात साहेबांच्या उलटतपासणीत आबांनी उद्घाटनाचा फोटो पुढे केला.

"हे पान लोकांना बघायला कधी मिळालं?"

"फीत कापल्यावर."

"त्याआधी?"

"दार बंद होतं. कोणीच पाहिलं नव्हतं."

"मग ते लोकांसाठी खुलं कोणी केलं?"

चेअरमनसाहेबांनी फोटो हातात घेतला. चष्मा पुसला. पुन्हा फोटो पाहिला.

"मी."