चार फॉर्म आणि एक विहीर

"सहा फॉर्म कमी करा, तरच पुस्तक होईल," मी म्हणालो आणि बाड टेबलावरून पलीकडे सरकवलं.

समोर रोहिणी बसली होती. हिवरखेडच्या भाजीच्या मळ्यातली मुलगी, अमरावतीत कोचिंग क्लासमध्ये शिकवते. ही तिची पहिली कादंबरी. शेजारी मांडीवर पिशवी धरून तिची आई. ती अकोटच्या बाजारात भाजी विकते.

फॉर्म म्हणजे काय ते सांगतो. एका मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात, तो एक फॉर्म. आम्ही छपाईवाले पुस्तक त्यातच मोजतो. रोहिणीची कादंबरी सव्वीस फॉर्मांची होत होती. नव्या लेखिकेचं एवढं जाड पुस्तक पाहिलं की दुकानदार हात मागे घेतो. शिवाय माझंही काही मोठं नाव नाही. फुटपाथवर गाईड विकत मी वर आलो. आज स्वतःची प्रेस आहे, कादंबऱ्याही छापतो. तरी पुण्याच्या एका समारंभात माझी ओळख 'अमरावतीचे गाईडवाले' अशीच करून दिली. माझ्याकडे पहिलं पुस्तक काढलेला एक लेखक दुसरं घेऊन तिकडेच गेला. मी यातलं काही विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

तर रोहिणीची ही कादंबरी, 'मिठाखालचं राज्य'. नवं बाड मी पहिल्या पानापासून कधीच वाचत नाही. पहिली तीस पानं सगळेच घासूनपुसून ठेवतात. मी मधूनच उघडतो. या वेळी नववं प्रकरण उघडलं आणि दुपारचं जेवण राहून गेलं.

गोष्ट अशी. पूर्णाकाठी आमचा खारपाणपट्टा आहे, तिथे जमिनीखालचं पाणी खारं लागतं. कादंबरीत या पट्ट्याच्या पोटात मिठाचं राज्य आहे. वर मैनी राहते. तिचा बाप पाणाड्या, गोडं पाणी कुठे लागेल ते सांगणारा. खालच्या राजपुत्राचा तिच्यावर जीव जडतो. पण तो जितक्यांदा वर येईल तितक्यांदा गावातली एक गोडी विहीर खारी होते. विहिरी सात.

एवढाच नियम. पण तो तिनं कुठेही मोडला नाही. जादूच्या गोष्टी लिहिणारे अडचण आली की नवा मंत्र काढतात. हिनं नाही काढला. पाचव्या भेटीत राजपुत्र हात पुढे करतो आणि मैनीच्या मनात येतं, आज कोणाची विहीर? प्रेमाचा प्रसंग वाचताना भीती वाटावी, हे मला नवीन होतं. सकाळी बाया पाण्याला जातात, पहिला घोट थुंकतात आणि कोणीच काही बोलत नाही, तो प्रसंग तर मी मोहोड सरांना मोठ्यानं वाचून दाखवला. मोहोड सर म्हणजे आमचे प्रूफ तपासणारे, रिटायर्ड शिक्षक. कौतुकात कंजूस माणूस. ते म्हणाले, "भाऊ, हे हातचं जाऊ देऊ नका."

कच्च्या जागा होत्याच. राजपुत्राचं नाव क्षारदत्त. हे पोटदुखीच्या बाटलीवर शोभेल. त्याच्या डोळ्यांची निळाई दर चार पानांनी. आणि सुरुवातीला मिठाच्या राजघराण्याच्या अकरा पिढ्या, कोणी कोणाला मारून गादी घेतली त्याची सगळी हकिकत. मैनी येते ती थेट पासष्टाव्या पानावर.

"सहा नाही होणार भाऊ," रोहिणी म्हणाली. "चार देते. त्या अकरा पिढ्या काढून टाका."

इतक्या लवकर? एक ओळ कापली तर लेखक आठवडाभर फोन उचलत नाहीत. "एवढी मेहनत केली आणि एका दमात देऊन टाकली?" मी विचारलं.

आई पहिल्यांदा बोलली. "ते कापाचंच होतं बाप्पा. मीनंच सांगतलं तिले, वरतून थोडं भरून ने. घेनारा कमी केल्याबिगर नेत नाई. तुमचं तं लय नाव आयकलं होतं."

कोपऱ्यात प्रूफं घेऊन बसलेले मोहोड सर भिंतीकडे तोंड करून हसले. माझं डोकं तापलं. सारा जन्म भाव करण्यात गेला, आणि ती भरताड खरी चूक समजून मी पानापानावर खुणा केल्या होत्या!

चिडलेला माणूस जास्त मागतो. मी शेवटच्या, नऊ पानांच्या प्रकरणावर गेलो. एकच गोडी विहीर उरते, तेव्हा मैनी खाली जायची वाट स्वतःच्या हातानं काळ्या मातीनं बुजवते. राजपुत्र खालीच राहतो.

"हे बदला. लव्ह स्टोरी आहे. वाचकाला शेवटी लग्न लागतं."

"नाही बदलणार."

"मग वाट अर्धीच बुजवा. दुसरा भाग काढू."

"अर्धी बुजवून काय होते भाऊ? तो तं येईनच."

आई म्हणाली, "मायं माहेर खारपानातलं. साऱ्या गावाले एक गोडी विहीर. तेबी गेली असती तं काय पेलो असतो आमी?"

"कादंबरी हाये हे, ग्रामपंचायत नाई!" मी ओरडलो. "घेऊन जा तुमचं बाड. पुण्याले द्या!"

रोहिणीनं बाड पिशवीत टाकलं. जाताना दोघींनी नमस्कार केला. तो जास्त लागला.

मोहोड सर म्हणाले, "भाऊ, चौसष्ट पानं देल्ली पोरीनं, नऊ पानं नाई देल्ली. कावून, ते इचारलं का तुमी?"

"सर, तुमी प्रूफ पाहा."

पण प्रश्न डोक्यात राहिला. मी मनातल्या मनात लग्न लावून पाहिलं. राजपुत्र वर राहिला तर शेवटची विहीर गेली. मैनी खाली गेली तर ती पिणार काय? लग्न कुठेच बसेना. ज्या नियमाचं मी कौतुक करत होतो, तोच मी तिला मोडायला सांगत होतो.

स्कूटर काढली आणि बस स्टँड गाठला. अकोटची गाडी भरली होती, दोघी खिडकीशी बसल्या होत्या.

"शेवट राहू दे," मी खालून म्हणालो. "पण डोळ्यांची निळाई तीनदाच."

"सहादा," रोहिणी म्हणाली.

"चारदा."

"अन् क्षारदत्त?"

"राहू दे तुझा क्षारदत्त!"

कंडक्टरनं बेल मारली. गाडी हलता हलता आईनं पिशवी खिडकीतून माझ्या हातात दिली. "पिशवी वापस पाठवजा भाऊ."

पुस्तक बावीस फॉर्मांचं झालं. अकोल्याच्या एका होस्टेलमध्ये एकच प्रत इतक्या हातांत फिरली की बाइंडिंग सुटलं. तिथल्या मुलींनी फोन करून मलाच झापलं, लग्न लावलं असतं तर काय बिघडलं असतं? पुण्याच्या परीक्षणात शेवटाची तारीफ आली. प्रकाशकाचं नाव आलं नाही. तेही लक्षात ठेवलं आहे.

तेव्हापासून मी प्रत्येक लेखकाकडे आधी भरपूर मागतो. जिथे तो भाव करतो तिथे बिनधास्त कापतो. जिथे तो भावच करत नाही, तिथे हात लावत नाही.